जजमानाच्या बापाची साखर

आमच्या घरात माझ्या रोगाचा पत्ता आधी मुंग्यांना लागला, मग सुनेला, मग मुलाला, आणि सगळ्यांत शेवटी मला.

मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. आता काशीत मुंग्या कुठं नाहीत? देवळात आहेत, हलवायाच्या दुकानात आहेत, गंगेच्या पायऱ्यांवर आहेत. पण सून मोरीच्या दारात उभी राहून त्या रांगेकडे बघत बसायची. मग एक दिवस तिनं स्वयंपाकघरात मुलाला हळू आवाजात सांगितलं. आमच्या घरात मोठ्यानं बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, हळू बोललेलं मात्र गल्लीपर्यंत जातं. मी बाहेर लाकडी चौकीवर बसलो होतो. सासऱ्याची लघवी हा चहाबरोबर बोलायचा विषय झालेला मी माझ्या कानांनी ऐकला.

मुलगा बाहेर आला. तो रामनगरला बँकेत आहे. ओलं धोतर सावरत चालावं तसं तो मराठी बोलतो. अर्ध्या वाटेत सुटलं की हिंदी धरतो.

"बाबा, उद्या सकाळी शुगर टेस्ट करवून घेऊ. खाली पेट जायचं आहे."

"उद्या मला क्षण आहे."

"ते नंतर बघू."

"क्षण नंतर बघत नाहीत. रक्त नंतर बघ."

"रक्त तर उद्याच होणार. मी सुट्टी घेतली आहे."

तो माझाच मुलगा. हटायचा नाही. मीही हटलो नाही. शेवटी दोन्ही उद्याच करायचं ठरलं, आणि तिथंच सगळी गडबड झाली.

क्षण म्हणजे श्राद्धाला जेवायला बसायचं आमंत्रण. मी तेच करतो. करत होतो. महाराष्ट्रातून लोक काशीला येतात, गंगेवर आईबापांचं श्राद्ध करतात, तेव्हा मेलेल्याच्या जागी पाटावर एक जिवंत ब्राह्मण बसवतात. त्याचे पाय धुतात, त्याला गंध लावतात, त्याच्यापुढं पान मांडतात. तो जेवला की मेलेल्याला पोचलं. तो पाटावरचा माणूस मी.

माझी शाळा चौथीत सुटली. वडिलांनी वेदशाळेत घातलं, तिथूनही सुटली. मंत्र डोक्यात ठरेनात. शिकलेली मुलं गुरुजी झाली, पोथी मांडीवर घेऊन बसली. मला जुन्या गुरुजींनी, म्हणजे आत्ताच्या गुरुजींच्या वडिलांनी, पाटावर बसवलं. म्हणाले, "तुला बोलता येत नाही ना, मग गप्प बसायचं काम तुझं." गल्लीत काही लोक मला पाठीमागून खादाड भट म्हणतात. म्हणू देत. त्यांना एक दिवस त्या पाटावर बसवा.

आदल्या रात्रीपासून नेम. त्या दिवशी दुसरीकडे घास नाही, रात्रीही नाही. जेवताना बोलायचं नाही. मीठ कमी पडलं तरी मागायचं नाही. खीर अमृतासारखी झाली तरी चांगली म्हणायचं नाही, कारण जेवतो आहे तो दुसराच. नको असेल तर हातानं नको करायचं, हवं असेल तर वाट बघायची. पानात शीत ठेवायचं नाही. शेवटी गुरुजी विचारतात, "तृप्ताः स्थ?" म्हणजे तृप्त झालात का. तेव्हा म्हणायचं, "तृप्ताः स्मः." एवढंच संस्कृत मला येतं, पण ते मी कधी सवयीनं बोललो नाही. पोटात बघून बोललो. बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, असा तुमचा थाट." होताच थाट. परक्या माणसाचा बाप होऊन बसायचं, ते काय उगीच?

तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेलो. दशाश्वमेधाकडे जाणाऱ्या गल्लीत पूर्वी बांगड्यांचं दुकान होतं, त्याच गाळ्यात आता लॅब आहे. बांगड्यांच्या काचेच्या कपाटात आता बाटल्या. बाकावर बायका बसलेल्या, एक जण डोकं भिंतीला टेकून झोपलेला. मुलानं चिठ्ठी दाखवली. रक्त काढणारा माणूस गुटख्याचा तोबरा सांभाळत बोलायचा.

"खाली पेट हो न बाबा? चाय-वाय तो नहीं पी?"

मला हसू आलं. उपाशी राहण्याची गोष्ट हा मला विचारतो.

त्यानं माझा उजवा हात ओढला. मी काढून घेतला.

"बायाँ लो."

"दाहिने में नस अच्छी है बाबा."

"दाहिने में सुई नहीं लगेगी. आज इस हाथ से काम है."

"अरे बाबा, खून दोनों में एक ही है."

बाकावरच्या बायका हसल्या. मी डावा हात पुढं केला. मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला, जसा काही तो माझ्याबरोबर आलाच नव्हता. रबर बांधलं, सुई गेली, बाटलीत काळपट रक्त चढलं. मग तो माणूस म्हणाला, "अब खाना खाके दो घंटे बाद फिर आना बाबा. दूसरा सैंपल."

घरी येऊन जेवायचा प्रश्नच नव्हता. अंगातून रक्त काढलेलं, म्हणून परत गंगेत बुडी मारली, धूतवस्त्र नेसलो आणि गुरुजींच्या माडीवर गेलो. सोलापूरकडचा जजमान होता, वडिलांचं श्राद्ध. त्याच्या घरच्या सुनांनी हात राखून स्वयंपाक केलेला नव्हता. वडे, लाडू, अळू, कढी, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर. जजमानानं माझा अंगठा धरून अन्नाला लावला, डोळे पुसले. मी जेवलो. माणसानं बापाला जेवू घालायचं म्हटल्यावर जसं वाढावं तसं त्यानं वाढलं आणि त्याच्या बापानं जेवावं तसं मी जेवलो. "तृप्ताः स्मः" म्हटलं तेव्हा माडी दणाणली.

तिथून तसाच, कपाळावर गंध, परत लॅबमध्ये. मुलगा तिथंच येऊन बसला होता. या वेळी गर्दी जास्त.

"खाना खा लिया बाबा?"

"खाना हुआ."

"क्या खाया?" तो चिठ्ठीवर लिहीत होता.

"हमने नहीं खाया."

त्यानं मान वर केली. "अभी तो बोले खाना हुआ."

"हुआ. पर हमने नहीं खाया."

"तो किसने खाया?"

"जजमान के बाप ने."

लॅबमध्ये जो हशा पिकला तो बहुतेक घाटापर्यंत गेला असेल. सकाळपासून भिंतीला टेकून झोपलेला माणूससुद्धा जागा झाला. रक्त काढणाऱ्यानं आधी बाहेर जाऊन गुटखा थुंकला, मग हसला. "का हो बाबा! तो सैंपल उन्हीं का ले लें? कहाँ हैं जजमान के बाप?"

"मर गए."

पुन्हा हशा. मी खोटं काय बोललो होतो? मी हात पुढं करून उभा राहिलो. मुलाचं तोंड लाल झालं होतं. घराच्या दारात आल्यावर म्हणाला, "बाबा, सबके सामने ऐसे बोलना ज़रूरी था?" घरात शिरेपर्यंत मराठी सुटलेली होती.

रिपोर्ट मला कोणी दिला नाही. तो मुलाच्या मोबाइलवर आला, तिथून सुनेच्या मोबाइलवर, तिथून पुण्याला मुलीकडे. मुलीचा रडत फोन आला तेव्हा मला कळलं की रिपोर्ट आलाय. माझं रक्त पुण्यापर्यंत फिरून आलं आणि मी चौकीवर बसून शेंगा सोलत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा समोर बसला. जेवणानंतरची साखर एवढी होती म्हणे की लॅबवाल्यानं दोनदा मोजली.

"ती माझी नाही," मी म्हटलं. "ती सोलापूरच्या माणसाची."

"आणि सकाळची? सकाळची पण जास्त आहे."

"आदल्या दोन दिवसांत एक श्राद्ध झालं होतं."

मुलानं मोबाइल माझ्या डोळ्यांपुढं धरला, जसा काही मी वाचणार होतो. "हे तिसरं बघा. त्याच रक्तातून हेही बघितलं. ही तीन महिन्यांची साखर आहे. एका दिवसाची नाही. ह्या पावसात जजमान आलेच किती? सांगा. ही कोणाची आहे? आता पाटावर बसणं बंद."

रोज सकाळची जिलेबी माझी होती, ती मी नाकारत नाही. पण रोग जिलेबीचा आणि बंदी पाटावर, हा कुठला न्याय?

"मी जे पाटावर जेवतो ते माझ्याजवळ राहत नाही," मी म्हटलं. "ते जातं. तुला नसेल पटत तर तुझ्या बँकेत ठेव तुझं मत."

तेव्हा सून आतून ताट घेऊन आली. ती कधी उलट बोलत नाही, म्हणून तिचं बोलणं जास्त लागतं. ताट ठेवता ठेवता म्हणाली, "म्हणजे पितर खीर घेऊन गेले आणि साखर तेवढी बाबांकडं ठेवून गेले, असंच ना?"

मुलगा हसला. मीही हसल्यासारखं केलं. ताटात कारल्याची भाजी होती.

ते वाक्य माझ्या अंगात सुईसारखं राहिलं. कारण मला शिकवलं होतं ते एवढंच, आणि त्या एवढ्यावर मी जन्म काढला. शहाणी माणसं पुष्कळ गोष्टी मानतात, एक गेली तरी दुसरी असते. माझ्याकडे ती एकच होती, मी खाल्लेलं पोचतं. आता साखर इथंच राहिली असेल, तर पोचलं काय? नुसता वास? मग इतक्या लोकांनी डोळे पुसत माझा अंगठा धरला, त्यांच्या आईबापांचं काय झालं? ते बसले असतील कुठंतरी रिकामं पान पुढं घेऊन, आणि मी इकडं त्यांच्या नावानं ढेकर दिला.

गोळ्या सुरू झाल्या. मी त्या घेत होतो. मरायची मला हौस नव्हती. पण एक ठरवलं होतं, पितृपक्षात पाटावर बसायचं. वर्षभर बसलो नाही तरी चालेल. पितृपक्षात माझी जागा रिकामी राहता कामा नये. तिथं बसलो, पुन्हा तसा जेवलो, पुन्हा पोटातून ते शब्द आले, तर मला कळलं असतं. काय कळलं असतं ते सांगता येत नाही. मला कळलं असतं.

आमच्याकडे रीत अशी, आदल्या संध्याकाळी गुरुजी दारी येतात, हातावर सुपारी-अक्षता ठेवतात आणि म्हणतात, "उद्या पितृस्थानी आपण यावं." पौर्णिमा झाली. मी धोतर धुऊन वाळत घातलं आणि संध्याकाळी दारात बसलो. कोणी आलं नाही. प्रतिपदेलाही नाही. द्वितीयेला गल्लीतून गुरुजींचा आवाज आला, मी उठून उभा राहिलो, ते फोनवर बोलत पुढं निघून गेले. रोज संध्याकाळी सून चहा आणून द्यायची आणि लगेच आत जायची. तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं.

पंचमीला मी स्वतःच गुरुजींच्या माडीवर गेलो. माझ्या पायानं कधी क्षण मागायला गेलो नव्हतो. गुरुजी दर्भाच्या जुड्या बांधत बसले होते, मोबाइल खांद्यानं कानाला दाबलेला. मला बघून फोन ठेवला.

"या, या काका. बसा. चहा सांगतो." आणि आत ओरडले, "काकांचा बिनसाखरेचा गं!"

मी उभाच राहिलो.

"तुला कोणी सांगितलं?"

त्यांच्या लक्षात आलं. जीभ चावली. "दादा आले होते. तुमच्या काळजीनंच आले होते, काका." दादा म्हणजे माझा मुलगा.

"आणि काय म्हणाले तुझे दादा?"

"हेच की यंदा तुम्हाला नको. रागावू नका. मागं अयोध्येकडे एक जण पाटावरच आडवा झाला म्हणतात. हल्ली जजमान जेवणाचासुद्धा व्हिडिओ काढतात. तुम्हाला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"तुझ्या मुंजीत तू माझ्या मांडीवर बसून लाडू खाल्लास."

"म्हणूनच म्हणतो ना."

"मग माझ्या जागी कोण बसतं?"

गुरुजींनी हातातली जुडी वर केली. दर्भाची, वर गाठ मारलेली. ब्राह्मण मिळाला नाही तर पाटावर दर्भ ठेवतात, त्याला चट म्हणतात. त्याच्यापुढं पान वाढतात, मग ते गाईला घालतात. जुने गुरुजी असताना चट म्हणजे अडचणीचा उपाय. आता त्यांच्या मुलापुढं परडीभर चट बांधून ठेवले होते.

"शास्त्राला चालतं, काका."

"चालत असेल. पण तृप्ताः स्थ विचारल्यावर उत्तर कोण देतं?"

"मीच देतो. मीच विचारतो, मीच सांगतो." मग हसून म्हणाले, "एक बरं आहे. गवताला पथ्य नसतं."

चहा येण्याआधी मी जिना उतरलो. अमृतराव घाटापर्यंत चालत गेलो आणि तिथं पायरीवर बसून राहिलो. खाली पिंड सोडत होते, मासे वर येत होते. घरी आलो. मुलानं विचारलं, "कहाँ थे बाबा?" मी म्हटलं, "गवत बघायला गेलो होतो." त्याला अर्थ कळला, कारण त्यानं मान खाली घातली. पण चुकलो असं म्हणाला नाही. मीही त्याला ते म्हणायची सोय ठेवली नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी गुरुजी दारात उभे. हातात सुपारी.

"काका, साताऱ्याकडची मंडळी आलीत. त्यांच्या आजी दर्भाला तयार नाहीत. जिवंत माणूसच पाहिजे म्हणतात, हट्ट धरून बसल्यात. बाकी सगळे ब्राह्मण गुंतलेत."

"तेव्हा माझी आठवण झाली."

"दादांना विचारलंय. ते हो म्हणाले, पण..."

"पण काय?"

"काही नाही. उद्या पितृस्थानी आपण यावं."

मला तेव्हाच 'पण'चा कान पकडायला हवा होता. सांगायला हवं होतं, जा, गवत बसव. पण हात आपोआप पुढं झाला आणि सुपारी घेतली. मुलगा आत उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी त्या रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

नवमीला पाटावर बसलो. पितृस्थान, माझी जागा, भिंतीतल्या खिडकीसमोरची. जजमान पुण्यात नोकरी करणारा जाड माणूस, वाकून पाय धुताना धापा टाकत होता. आजींचे गुडघे गेलेले, त्या भिंतीला लागून खुर्चीवर. त्यांची सून स्वयंपाकाची भांडी आणून ठेवत होती, वाढत होते मात्र गुरुजी स्वतः. ते कधी वाढत नाहीत.

पान पुढं आलं तेव्हा कळलं. भाताची मूठभर मूद. वडा एक. लाडू नाही. भाज्या भरपूर, जसा मी गाय आहे. खिरीचा द्रोण होता, त्याच्या तळाला खीर लावल्यासारखी लागली होती. दाखवण्यापुरती. मी गुरुजींकडे बघितलं. ते पोथीकडे बघत होते. तेव्हा मला समजलं की मुलानं 'हो' कशाला म्हटलं होतं. माझं पान त्यानं आणि गुरुजींनी मिळून ठरवलं होतं.

बोलता येत नव्हतं. पाटावर बसलेल्यानं मागायचं नसतं, हे मी पाळत आलो होतो आणि त्याच नेमानं मला धरलं. जजमानानं अंगठा धरून त्या पानाला लावला. मी खाल्लं. घास संपला की वाट बघितली. गुरुजी वाढायला आले, गवारीची भाजी घेऊन.

भराभर उरकून गुरुजींनी पाणी हातात घेतलं. तेवढ्यात आजी बोलल्या, "थांबा. खीर वाढली का त्यांना?"

"वाढली, आजी."

"मला नाही दिसली." त्या भिंत धरून उठल्या. सुनेच्या हातातून खिरीचं पातेलं घेतलं. "पहाटे उठून मी हलवलीय. तांदूळ घरचे आणलेत." आणि डाव भरून माझ्याकडे आल्या.

"आजी, बास," गुरुजी मध्ये पडले. "त्यांना पथ्य आहे. साखर आहे त्यांना."

डाव हवेत थांबला. आजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आत्तापर्यंत त्यांनी मला बघितलंच नव्हतं, पाटाला बघितलं होतं.

"तुम्हाला पण?" त्या म्हणाल्या. मग आपल्या मुलाकडे, जजमानाकडे वळल्या, पण बोलत होत्या सगळ्यांशीच. "ह्यांना होती ना रे. शेवटी शेवटी गोडाला इतके तरसायचे. चोरून खायचे. मीच डबा कुलपात ठेवायची. सणाला खीर केली की त्यांच्या पुढची वाटी मीच उचलायची. म्हटलं, काशीला जाऊन एकदा पोटभर खीर घालायची त्यांना. म्हणून म्हटलं जिवंत माणूस बसवा. गवताला काय घालू?"

गुरुजींच्या हातातलं पाणी ओघळत होतं.

मी माझा द्रोण बोटानं पुढं सरकवला.

नेम मोडला नाही, तोंडानं मागितलं नाही. पण सगळ्यांनी बघितलं. गुरुजी दातावर दात धरून "काका" म्हणाले. मी द्रोण आणखी सरकवला. आजींचा हात खाली आला, डावातून एक थेंब पाटावर पडला. मी त्यांच्याकडे बघत होतो. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, घाला, अहो घाला, हे त्याच्यासाठी आहे आणि थोडं माझ्यासाठीही आहे.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्यानं नाही व्हायचं. एकदा बघितलंय मी सगळं." आणि डाव पातेल्यात ठेवून वर झाकण टाकलं.

गुरुजींनी वेळ घालवला नाही. "तृप्ताः स्थ?"

मी रिकाम्या द्रोणाकडे बघत होतो.

"काका. तृप्ताः स्थ?"

पोटात बघितलं. तिथं भूक होती आणि राग होता, आणि ह्या दोन्हींना तृप्त म्हणायला मी शिकलेलो नव्हतो. मी तोंड मिटून बसलो. जजमान घाबरून म्हणाला, "काय झालं? काही चुकलं का?" गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग स्वतःच म्हणाले, "तृप्ताः स्मः," आणि पुढचा मंत्र धरला. गवताच्या वतीनं म्हणतात तसं.

सगळं आटोपल्यावर आजी माझ्यापुढं आल्या. वाटलं, आता बोल लावतील. नवरा अतृप्त गेला म्हणतील. त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, "बघितलंस का रे? अगदी अस्से! वाटी उचलली की असेच गप्प बसायचे. रिकाम्या जागेकडं बघत. कितीही विचारा, बोलायचे नाहीत." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "आले होते रे ते. रुसून गेले, पण आले होते."

जजमानही रडायला लागला. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. मंडळी खूश होऊन गेली.

मी जिना उतरताना विचार करत होतो. जन्मभर मी नेमानं जेवलो, शीत ठेवलं नाही, शब्द काढला नाही, ते सगळं पोचवायला. त्या दिवशी धड जेवलो नाही, काही पोचवलं नाही, आणि त्या बाईला तिचा नवरा भेटला. म्हणजे माझ्या पोटाची, माझ्या नेमाची, कशाचीच गरज नव्हती. एक रुसलेला म्हातारा पुरला. तो तर कुठल्याही घरात असतो.

सर्वपित्रीला मला कोणी बोलावलं नाही. मीही दारात बसलो नाही. मुलानं संध्याकाळी विचारलं, "बाबा, नाराज हो?" मी म्हटलं, "तिला भात वाढ म्हणावं."

दिवाळीनंतर पुन्हा लॅबची पाळी आली. मुलगा येतो म्हणाला. मी एकटाच गेलो. गाळ्यात शिरल्याबरोबर त्या रक्त काढणाऱ्यानं आवाज दिला. त्या दिवसापासून मी त्याच्या लॅबची करमणूक झालो आहे.

"आइए बाबा, आइए! अरे भाई, जगह दो बाबा को. खाना हो गया?"

"हो गया."

बाकावरच्या लोकांकडे बघून त्यानं डोळा मारला. "आज किसने खाया?"

सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी बसलो, सदऱ्याची बाही वर केली.

"हमने खाया," मी म्हटलं.

"अच्छा! क्या खाया?"

"करेला."

कोणी हसलं नाही. तो रबर घेऊन डावीकडे आला. मी उजवा हात पुढं केला.

"आज दाहिना, बाबा?"

"कोणताही घे," मी मराठीतच म्हटलं. त्याला समजलं नसावं, पण हात बघून त्यानं रबर बांधलं.